दुपारचे रडणे

मला दुःखान्त चित्रपट आवडतात, हे आधीच स्पष्ट सांगते. त्यावाचून पुढचे कळणार नाही. जळगावात मार्चपासूनच दुपारी बाहेर पडण्याची सोय नसते. पडदे ओढून, कूलर लावून मी टीव्हीसमोर बसते आणि ज्यात कोणीतरी कायमचे दुरावते असा चित्रपट निवडते. गाण्यांचे आणि कादंबऱ्यांचेही तसेच. पोटभर रडून झाले की चहा अधिक चवदार लागतो. माझे लाल डोळे पाहून यजमान दारातूनच विचारतात, "आज कोण गेलं?"

"नायिकेचा भाऊ," मी सांगते.

"मग सुतक नाही. चहा टाक."

या आवडीचे समर्थनही माझ्याजवळ तयार होते. माध्यमिक शाळेत मराठी शिकवताना करुण रस समजावून देण्याची वेळ दरवर्षी येई. मी मुलींना सांगत असे की पुस्तकातल्या दुःखात आपण सहभागी होतो, पण त्या माणसांसाठी आपल्याला काही करावे लागत नाही. म्हणून ते दुःखही गोड लागते. मुली ते उतरवून घेत.

गेल्या थंडीत पारोळ्याला माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान वारले. आमच्याकडे द्वारदर्शनाची रीत आहे. गावोगावचे नातलग गाड्या करून भेटायला येतात आणि बायका अंगणात पाऊल टाकताच हेल काढून रडू लागतात. घरातल्या बाईने त्यांच्या गळ्यात पडून, गेलेल्या माणसाची आठवण काढत, त्याच हेलात रडायचे असते. गाडी चाळीसगावहून येवो की पाचोऱ्याहून, प्रत्येक वेळी नव्याने.

अक्का रडत होती, "सांजले आते कोनी वाट देखू वं माय! शेतनी मोटर आते कोन चालू करी वं माय!" प्रत्येक ओळीत भाऊजींच्या जगण्यातली एकच गोष्ट येई आणि प्रत्येक ओळ एकाच उतरत्या सुरावर टेके. मी तिच्या पाठीवर हात ठेवून रडत होते आणि मनात म्हणत होते, काय सुरेख बांधणी आहे! ज्या भाऊजींनी दर हिवाळ्यात शेतातली भरताची वांगी आमच्या घरी पोचवली, त्यांच्याच दारात मी असे म्हणत होते. त्या रडण्यात मला बरे वाटत होते. ते माझे दुपारचे रडणे होते. ओळख पटताच मी हात काढून घेतला. अक्काला वाटले, मी पाणी आणायला उठले.

गंधमुक्ती होऊन सुतक फिटल्यावर काही आठवड्यांनी मी तिला विसाव्यासाठी जळगावी आणले. दुपारी ती स्वतःच म्हणायची, "टीव्ही लाव ना वं. हसानं काही लाव." मग धडपडणारी, एकमेकांच्या अंगावर पीठ सांडणारी माणसे पडद्यावर येत आणि अक्का तोंडाला पदर लावून हसे. मला ते किंचित खटकले. इतक्या लवकर, असे वाटले. तिने किती रडावे याचे माप मी कोणत्या अधिकाराने धरले होते, ते आज सांगता येत नाही.

एके दुपारी ती गच्चीवर वाळवण घालत होती, म्हणून मी माझ्या आवडीचा चित्रपट लावला. ती मध्येच खाली येऊन शेजारी बसली. पडद्यावर एक विधवा एकटीच रडत होती. अक्काने तिला नीट पाहून घेतले.

"हाई बाई कितली चांगली रडस! दारवर तं कोनी येल बी नही."

मी हसले, आणि त्या मोकळेपणात नको ते बोलून गेले. "अक्का, तू त्या दिवशी दारावर जे म्हणत होतीस ना, ते पुन्हा एकदा सावकाश म्हणशील? अशी रचना आता ऐकायला मिळत नाही."

तिने पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिले. "तुले ते गानं वाटनं का?"

ती रागावली मात्र नव्हती. तिसऱ्या दिवसापासून डोळ्यांत पाणीच उरले नव्हते, असे ती सांगू लागली. पण गाडी आली की रडणे भाग होते. नाहीतर हिला दुःखच नाही, असे बायका म्हणाल्या असत्या. म्हणून ती तोंडाला येईल ते हेलात म्हणत राहिली. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "जे खरं मनले लागेल शे, ते मी दारवर बोलनूच नही. सांगू का तुले?"

मी पुढे सरकून बसले. चित्रपटात शेवटचा प्रसंग जवळ आला की मी जशी बसते, तशी. गळा आधीच दाटून आला होता, आणि अक्काने तर अजून काही सांगितलेही नव्हते. स्वतःची इतकी लाज वाटली की मी घाईने म्हणाले, "नको अक्का. राहू दे."

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिले. "बरं. मंग ते हसानं लाव."

मी लावले. चार दिवसांनी ती बसने पारोळ्याला गेली.

आता ती फोनवर कापसाचे, वासराचे, सुनेच्या माहेरचे सांगते. ती गोष्ट पुन्हा निघालेली नाही. त्या दुपारी मी संयम दाखवला, अशी समजूत मी काही दिवस करून घेतली. ती टिकली नाही. ऐकण्याची हाव वाईट होती हे खरे, पण अक्काला माझ्या मनाच्या शुद्धतेशी काय कर्तव्य होते? तिला एक माणूस हवे होते. गळा दाटलेला असताही मी ऐकून घ्यायला हवे होते.

काल फोन करून ती गोष्ट विचारायचे ठरवले होते. तिने उचलला तेव्हा मागे सून हसत होती आणि अक्काही हसत होती. "काय वं?" तिने विचारले. मी म्हणाले, "काही नाही. रविवारी येते आहे, दोन दिवस राहायला." "ये ना," ती म्हणाली, "टीव्ही मात्र बंद पडेल शे, आठ दिन व्हयनात."

"चालेल," मी म्हणाले.