उठलं की उठवलं

टाचणीबाईंना हे नाव त्यांच्या गिऱ्हाइकांनी दिलं आणि ते दोन कारणांनी चिकटलं. एक तर कपडा अंगावर मापाला लावताना त्या चार-पाच टाचण्या ओठांत धरतात. दुसरं म्हणजे टाचण्या काढल्यावर त्याच ओठांतून जे बाहेर पडतं ते. कुणाची पँट आखूड करून दे, कुणाचा कोट कमरेत सोड, कुणाचे पडदे नव्या खिडकीच्या मापाचे करून दे, असा त्यांचा धंदा. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, मशीनवर वाकलेला दिवा, आणि भिंतीला एक उभा आरसा, ज्यात गिऱ्हाइकानं स्वतःकडे जास्त वेळ पाहिलेलं त्यांना खपत नाही. "पोट आत घेऊन उभे राहू नका, घरी जाऊन सोडणारच आहात," असं त्या बँकेच्या मॅनेजरलाही सुनावतात. काही लोकांच्या नाकावर राग असतो. टाचणीबाईंचा घरभर पसरलेला असतो, पाय ठेवायला जागा नसते.

नवरा ट्रक चालवायचा. तो लवकर गेला. एकुलत्या एका लेकीला त्यांनी त्या मशीनवर वाढवलं, शिकवलं, आणि ती चपलांच्या दुकानात नोकरीला लागली तेव्हा आठवडाभर कुणावर ओरडल्या नाहीत. दुकान बंद पडलं. लेक काही महिने घरी बसली आणि मग एक दिवस लाल टोपी घेऊन आली. तिला गाईडची नोकरी लागली होती, भूतगावात.

भूतगाव म्हणजे डोंगराच्या कुशीतली एक ओसाड वस्ती. पूर्वी तिथे तांब्याची खाण होती. खाण बंद झाली, माणसं गेली, बहुतेक छपरं गेली, भिंती तेवढ्या उरल्या. पुढे कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की हे दाखवण्यासारखं आहे. मग कुंपण घातलं, फाटक बसवलं, आणि फाटकावर मोठ्या अक्षरांत 'ऐतिहासिक ओसाड नगरी उद्यान' असं लिहिलं. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? सगळे भूतगावच म्हणतात.

टाचणीबाई तिथे जन्मल्या होत्या. दहा वर्षांच्या होईपर्यंत तिथेच वाढल्या. उद्यान झाल्यापासून त्यांच्या रस्त्याच्या टोकावरून तिथे जाणारी बस सुटायची, पण त्या कधी चढल्या नाहीत. कुणी विचारलं तर "काय बघायचंय तिथे, दगड?" म्हणायच्या. लेकीनं मात्र पिच्छा सोडला नाही.

"आई, एकदा ये ना. मी कशी बोलते ते तरी बघ. लोक टाळ्या वाजवतात."

"टाळ्या माकडवाल्यालाही वाजवतात."

"बरं, मग माकडीण बघायला ये."

यावर टाचणीबाईंना हसू आलं आणि हसल्यामुळे त्यांना जावं लागलं.

फाटकातून आत शिरल्या शिरल्या त्यांना प्लायवूडचं पांढरं भूत दिसलं. तोंडाच्या जागी गोल भोक होतं आणि त्यात डोकं घालून लोक फोटो काढून घेत होते. शेजारच्या टपरीवर कवटी छापलेले कप आणि कीचेन टांगले होते. पूर्वी या जागी पाण्याचा नळ होता आणि नळावर भांडणं चालायची. टाचणीबाईंच्या आईनं एकदा शेजारणीला बादली मारून तिचं कपाळ फोडलं होतं आणि संध्याकाळी तिच्याच कपाळाला हळद लावून दिली होती. त्या जागेवर आता एक बाप्या आपल्या बायकोला सांगत होता, "अगं, जीभ बाहेर काढ, जीभ!"

टाचणीबाईंनी ओठ घट्ट मिटले. टाचण्या नव्हत्या, तरी मिटले.

वर गेल्यावर अधिकाऱ्यांचे बंगले लागले. त्यांची छपरं शाबूत होती, खिडक्यांना काचासुद्धा होत्या. खाली कामगारांच्या खोल्यांच्या रांगा होत्या, तिथे एकीवरही पत्रा नाही. लोक हे बघत होते आणि कुणालाच त्यात काही विचारण्यासारखं वाटत नव्हतं. टाचणीबाई पाण्याच्या टाकीच्या खुणेवरून चालत गेल्या आणि शेवटच्या खोलीपाशी थांबल्या. हे त्यांचं घर होतं.

दाराला आडवी दोरी होती आणि 'आत जाऊ नये' अशी पाटी. आत कुणीतरी हौसेनं संसार मांडला होता. मोडकं टेबल, त्यावर पत्र्याची ताटं, एक कलंडलेली खुर्ची, एका डोळ्याची बाहुली. बाहेर मोठा फलक होता. त्यावरचं शेवटचं वाक्य टाचणीबाईंनी दोनदा वाचलं: 'जेवणाची ताटे तशीच टाकून, एका रात्रीत हे गाव उठले.'

ताटं टाकून? त्यांच्या आईनं चुलीतली अर्धी जळकी लाकडं पाणी मारून विझवली होती आणि तीसुद्धा पोत्यात भरून घेतली होती. बापानं दाराच्या बिजागऱ्या काढल्या होत्या. आणि यांनी त्यांच्या घरात कुणाची तरी भंगारातली ताटं आणून ठेवली होती. टाचणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला. लाल टोपी, कमरेला छोटा स्पीकर, गालाशी माईक, हातात वॉकीटॉकी आणि मागे वीस-पंचवीस माणसं. आईला बघून तिचा चेहरा फुलला. मग तिनं आवाज खाली आणला, अगदी घोगरा केला.

"बघा या घराकडे. इथे एक कुटुंब जेवायला बसलं होतं. घास हातात होता... आणि एका रात्रीत गाव उठलं. का उठलं? कुठे गेली माणसं? आजपर्यंत कुणालाच माहीत नाही."

कुणीतरी "बाप रे" म्हणालं. टाळ्या खरोखर वाजल्या.

टाचणीबाईंनी फेरी संपेपर्यंत कसाबसा दम धरला. लोक चहाच्या टपरीकडे पांगले तसं त्यांनी लेकीला दंडाला धरून टाकीच्या मागे नेलं.

"कुणालाच माहीत नाही? मी काय मेले होते? घरी रोज माझ्यासमोर जेवतेस, मला विचारायला तोंड शिवलं होतं तुझं?"

"आई, हळू. ते वाक्य ठरलेलं आहे. साहेबांनी लिहून दिलंय, एक शब्द बदलता येत नाही. मी अजून नोकरीत पक्की नाहीये, तुला माहितीये."

"गाव उठलं म्हणे! गाव काय झोपलं होतं, जाग आली नि उठलं?"

लेकीनं टोपी काढली. आता तिचाही पारा चढला होता. आईचीच लेक होती ती.

"तूच म्हणायचीस."

"काय?"

"तूच. लहानपणापासून ऐकतेय. 'आमचं गाव उठलं, मग आम्ही इकडे आलो.' बाबांना तू हेच सांगितलंस, शेजाऱ्यांना हेच सांगितलंस, माझ्या बाईंना शाळेत येऊन हेच सांगितलंस. आजोबाही हेच म्हणायचे. साहेबांनी ते वाक्य दाखवलं तेव्हा मला वाटलं, बरोबरच आहे की. आमच्या घरात असंच म्हणतात."

टाचणीबाईंनी तिचा दंड सोडला.

खरं होतं. पोरगी खरं बोलत होती, आणि त्यामुळे त्यांना तिचा आणखी राग आला.

त्यांचा बाप खाणीत छताला टेकू लावायच्या कामावर होता. खाण बंद झाल्यावर कंपनीला खोल्या रिकाम्या हव्या होत्या. आधी पाणी बंद केलं. मग शाळा बंद केली. तरी माणसं हलेनात, तेव्हा दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात ट्रक आले आणि ट्रकबरोबर लाठ्या घेतलेले पहारेकरी आले. माणसं आत असतानाच त्यांनी वरचे पत्रे काढायला घेतले. टाचणीबाईंच्या आईनं चुलीवर भांडं चढवलं होतं, त्यात वरून गंज पडला. शेजारच्या म्हातारीनं दाराची चौकट कवटाळली, तर तिला चौकटीसकट ट्रकमध्ये घातलं. बाप दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यावरचं छत सांभाळायचा. स्वतःचं उचकटताना त्याला हात बांधून बघत उभं राहावं लागलं.

नव्या गावात पोरांना शाळेत घातलं तर तिथली पोरं ओरडायची, "उठवलेले आले, उठवलेले आले!" यांच्या डब्याला कुणी हात लावत नसे. एके दिवशी टाचणीबाई रडत घरी आल्या तेव्हा बापानं सगळ्या भावंडांना समोर बसवलं आणि दम दिला.

"कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही उठलो. उठवतात ते गुरांना. आपलं आपण उठलो. पुन्हा या घरात तो शब्द ऐकला तर याद राखा."

बाप मरेपर्यंत तसंच म्हणाला. पोरंही तसंच म्हणत राहिली. म्हणता म्हणता ते खरं वाटायला लागलं. एका अक्षराचा तर फरक. आणि ज्यांनी उठवलं त्यांना तेच हवं होतं, फुकटात मिळालं. टाचणीबाईंना बापाचा राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ नये हे त्यांना कळत होतं, पण आला. टाकीमागे उभ्या उभ्या त्यांनी हे सगळं पहिल्यांदाच लेकीला सांगितलं.

"मग मी काय करू सांग," लेक म्हणाली. "साहेबांकडे जाऊन भांडू? नोकरी सोडू?"

"मला नको विचारूस," टाचणीबाई म्हणाल्या. ही नोकरी गेली तर पोरगी पुन्हा खिडकीत बसून रस्ता बघत बसणार, हे त्यांना दिसत होतं. तिला बोल म्हणायचं तर तिच्या पोटावर पाय येणार. बोलू नको म्हणायचं तर आपणही आपल्या बापासारखंच होणार.

जेवणानंतरची फेरी सुरू झाली. टाचणीबाई घोळक्याच्या मागे चालत राहिल्या. लेक त्यांच्याकडे बघत नव्हती. शेवटच्या खोलीपाशी ती थांबली आणि तिचा आवाज पुन्हा घोगरा झाला.

"इथे एक कुटुंब जेवायला बसलं होतं. घास हातात होता... आणि एका रात्रीत गाव..."

ती अडखळली. लोक मान पुढे करून ऐकत होते.

"...गाव उठलं," ती भरकन म्हणाली.

"उठवलं!"

टाचणीबाईंचा आवाज आधीच मोठा. तो भिंतींवर आपटून परत आला. सगळी डोकी वळली. "रात्रीत नाही, भर दुपारी! उठलं नाही, उठवलं आम्हाला! लाठ्या घेऊन! हे घर माझं आहे!"

पुढचा एक गॉगलवाला हसला. "मस्त! आजी पण ठेवलीये यांनी." लोकांनी भराभर फोन काढले. एक बाई लाडानं म्हणाली, "आजी, परत एकदा म्हणा ना, घाबरायला झालं!" गॉगलवाला तर टाचणीबाईंच्या खांद्याला खांदा लावून फोटोसाठी उभा राहिला.

टाचणीबाई खरं बोलल्या होत्या, साठ वर्षांनी, आणि लोकांना खेळ वाटला होता.

"हात काढा."

लेक घोळक्यातून वाट काढत आली होती. आवाज घोगरा नव्हता, तो तिचा घरातला, आईवर ओरडतानाचा आवाज होता, आणि माईक सुरूच असल्यामुळे तो टपरीपर्यंत ऐकू जात होता.

"हात काढा तिच्या अंगावरून. ती नोकरीला ठेवलेली नाही. माझी आई आहे. याच खोलीत जन्मली. पाणी तोडून, पत्रे काढून इथल्या सगळ्यांना उठवलं कंपनीनं. ही ताटं त्यांची नाहीत, बाहुली त्यांची नाही. मी मघापासून तुम्हाला खोटं सांगितलं."

फोन हळूहळू खाली आले. गॉगलवाल्यानं गॉगल काढला आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. मघाची बाई चाचरत म्हणाली, "सॉरी हं आजी. पण मग तुम्ही परत का नाही आलात कधी?"

"आले की," टाचणीबाई म्हणाल्या. "आजच आले. तिकीट काढून."

वॉकीटॉकी खरखरली. ऑफिसातून साहेबांचा आवाज आला. स्पीकरवर काय चाललंय, कुठला मजकूर बोलताय तुम्ही, लोकांसमोर नेमकं काय बोललात, मला शब्दन् शब्द हवा, ताबडतोब.

लेकीनं वॉकीटॉकी तोंडाजवळ नेली. टाचणीबाईंनी तिचं मनगट धरलं. "नको," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, घाबरून म्हणाल्या. "सांग, म्हातारी वेडी आहे, मध्येच ओरडली. सांग तसं. चालेल मला."

लेकीनं आईचा हात सोडवून घेतला.

"सर, मी म्हणाले, गाव उठलं नाही. आम्हाला उठवलं."

ती जन्मली तेव्हा या खोल्यांवर पत्रासुद्धा उरला नव्हता. तरी ती 'आम्हाला' म्हणाली, आणि साहेबांना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणाली.