ऑक्टोबरचा दुसरा शनिवार

हॉइट लेडबेटर हा माझा मेहुणा. माझ्या धाकट्या बहिणीचा, नेडीनचा नवरा. एकतीस वर्षं त्याने आमच्या कॉलेजात एकच काम केलं. अमेरिकन फुटबॉलचा संघ कुठल्या शनिवारी, कुठे आणि कोणाशी खेळणार ते ठरवायचं. कोचच्या नावावरून गावाने पोरांची नावं ठेवली, खेळाडूंचे फोटो न्हाव्याच्या दुकानात लागले, आणि हॉइट तळघरातल्या खोलीत फोन कानाला लावून बसलेला असायचा. त्याला कोणी विचारत नव्हतं. गेल्या डिसेंबरात मात्र अख्ख्या केंटकीला त्याचं नाव कळलं. असं कळण्यापेक्षा न कळलेलं बरं होतं.

सामने आमच्याकडे पाच-पाच, सहा-सहा वर्षं आधी ठरतात. हॉइटच्या भिंतीवर पुढच्या सात हंगामांचे शनिवार पेन्सिलीने आखलेले असत, आणि त्यातले निम्मे रिकामे. आठ सामने आमच्या लीगचे, ते आपोआप ठरतात. उरलेल्या चारांसाठी दारोदार फिरायचं. मोठी विद्यापीठं आमच्यासारख्या लहान कॉलेजाला हुंगत नाहीत. आम्हाला हरवलं तर कोणी शाबासकी देत नाही, आणि चुकून आमच्याकडून हरले तर नाक कापलं जातं. मग खेळतील कशाला? हॉइट तरी फोन करायचा. पलीकडे फोन उचलणाऱ्या बायांच्या नातवंडांची नावं त्याला पाठ होती, कोणाच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं तेही ठाऊक असायचं. एवढं करून उत्तर ठरलेलं. यंदा जमणार नाही हो, हॉइट.

आणि सहा वर्षांपूर्वी एकदा जमलं. मार्चमधली गोष्ट. तो माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आला तो धापा टाकतच.

"वेन्डल, होमकमिंग एका वर्षापुरतं एक आठवडा पुढे ढकल."

"का रे बाबा? कोण मेलं?"

"एका मोठ्या विद्यापीठाचा फोन आला होता. सहा वर्षांनंतरचा ऑक्टोबरचा दुसरा शनिवार त्यांचा मोकळा आहे. आपल्याला बोलावतायत."

होमकमिंगच्या समितीचा अध्यक्ष मी. तेव्हाही होतो, आजही आहे. जुने विद्यार्थी गावात परततात तो शनिवार म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा, आणि तो माझ्या आजोबांच्या वेळेपासून कधी हललेला नाही. सकाळी मिरवणूक, दुपारी सामना. त्या सामन्याला समोर एखादा लेचापेचा संघ बोलवायचा हीही रीतच. म्हातारी माणसं दोन-दोन राज्यं ओलांडून येतात, त्यांना काय आपली पोरं मार खाताना दाखवायची?

"त्यांच्या मैदानावर ना?" मी विचारलं. "साठ-शून्यने आपटून घ्यायला इतक्या लांब जायचं?"

"आपटू दे. कोणाशी खेळलो हे तरी दाखवता येईल. उद्या आपली पोरं वर्षभरात एकही सामना हरली नाहीत, तर हाच प्रश्न येणार आहे."

"आपली पोरं? वर्षभर? आधी तोंड धुऊन ये."

तो हसला नाही. "पंचवीस वर्षांत असा फोन पहिल्यांदा आलाय," तो म्हणाला.

मी समितीची बैठकसुद्धा बोलावली नाही. नाही म्हणजे नाही, असं त्याच दिवशी काउंटरवरूनच सांगून टाकलं. वर असंही म्हणालो, की कॉलेजात आमचं नाव पुढे करू नकोस, उगाच वाद नकोत, तुझ्या सहीनेच कळव. त्याने कळवलं. तारीख मोकळी नाही, क्षमस्व, आपला हॉइट लेडबेटर.

त्या शनिवारी या हंगामात आम्ही कोणाशी खेळलो? सहाशे पोरांच्या एका बायबल कॉलेजाशी. एकाहत्तर-तीन. त्यांचा एक खेळाडू चष्मा लावून मैदानात आला होता. आम्ही पोट धरधरून हसलो, आणि मिरवणुकीच्या गाडीवर हात हलवत उभा होतो तो मीच.

पण पोरं खरंच हरेनात. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, एकही पराभव नाही. देशाच्या अजिंक्यपदासाठी बारा संघ घेतात, ते निवड समिती घेते, आणि नोव्हेंबरापासून दर मंगळवारी ती क्रमवारी सांगते. पहिल्या मंगळवारी आम्ही बाविसावे. पुढचा सामना चाळीस गुणांनी जिंकलो, तरी बाविसावेच. गाव खवळलं.

हॉइटने मला समजावलं. "नुसतं जिंकून भागत नाही. कोणाला हरवलं ते बघतात. आपण ज्यांना हरवलं ते पुढे जितके जिंकतील, तितकी आपली किंमत वाढते."

मग काय, सगळं गाव त्या हरलेल्यांच्या मागे लागलं. ज्यांना सप्टेंबरात शिव्या घातल्या त्यांच्यासाठी नोव्हेंबरात चर्चमध्ये हात जोडले. पाद्रीबुवांनी पाच कॉलेजांची नावं घेऊन प्रार्थना केली, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी सहावं नाव सुचवलं. त्या बायबल कॉलेजासाठीही प्रार्थना झाली. त्यांनी हंगामातले सगळे सामने हरून दाखवले.

शेवटी बारापैकी बारा जिंकून आम्ही चौदाव्या क्रमांकावर होतो. वरच्यांपैकी दोघं शेवटच्या शनिवारी हरले. म्हणजे बारावी जागा आमचीच, असं आम्ही धरून चाललो.

रविवारी दुपारी सगळं गाव कॉलेजच्या व्यायामशाळेत जमलं. पोरं पुढच्या रांगेत, नव्या जाकिटांत. हॉइट आणि नेडीन तिसऱ्या रांगेत, त्यांच्या शेजारी मी. पडद्यावर एकेक नाव येत गेलं. बारावं नाव दोनदा हरलेल्या संघाचं होतं. आम्ही तेरावे.

निवड समितीचा प्रमुख पडद्यावर आला, नीटनेटका माणूस. तो म्हणाला, बाराच्या बारा सामने जिंकणं कौतुकाचंच आहे, पण प्रश्न असा आहे की ते खेळले कोणाशी. जे दोनदा हरले ते फार मोठ्यांशी हरले. यांचं वेळापत्रक मात्र देशातल्या सगळ्यात हलक्या दहांत मोडतं. ऑक्टोबरातल्या एका सामन्याचा त्याने खास उल्लेख केला.

पुढच्या रांगेतला आमचा सेंटर, आघाडीच्या फळीत मधोमध खेळणारा तीनशे पौंडांचा गडी, जाकिटात तोंड खुपसून रडायला लागला. त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. मला त्या पडद्यावरच्या माणसाचा इतका संताप आला की मी खुर्ची लाथाडली. हॉइट जागचा हलला नाही.

आठवड्याच्या आत लेक्सिंग्टनच्या एका पत्रकाराने ते सहा वर्षांपूर्वीचं पत्र शोधून काढलं. मोठ्या विद्यापीठाने बोलावलं होतं, आणि यांनी नकार दिला होता. खाली सही हॉइटची. झालं. खापर फोडायला डोकं मिळालं.

आमच्याकडे कोचवर राग निघाला की लोक त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे' असे बोर्ड रोवून येतात. जा इथून, एवढाच त्याचा अर्थ. वेळापत्रक करणाऱ्याच्या अंगणात ते मी पहिल्यांदाच पाहिले. पहिल्या दिवशी चार, आठवड्याअखेर वीसच्या वर. हॉइट सकाळी ते उपटून गॅरेजला टेकवून ठेवायचा. गावात असले बोर्ड एकाच दुकानात मिळतात. माझ्या. न्हावी घेऊन गेला, शाळेचे मुख्याध्यापक घेऊन गेले, पाद्रीबुवांचा भाऊ तोंड चुकवत दोन घेऊन गेला. कशाला हवेत हे मी कोणालाही विचारलं नाही. संपले तेव्हा आणखी मागवले.

बोलायला संधी नव्हती असं नाही. क्रीडाविभागाने सभा घेतली. कोच उभे राहून हॉइटला म्हणाले, "लेडबेटर, तुम्ही नकार का दिलात, एवढंच माझ्या पोरांना सांगा." हॉइट म्हणाला, "तारीख मोकळी नव्हती, कोच." मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. लोकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला, आणि नेडीनने माझा फोन उचलणं बंद केलं.

जानेवारीत एका सकाळी तो दुकानात आला. मी एकटाच होतो. त्याने टोपी काढली नाही.

"वेन्डल, एक बोर्ड दे."

मला वाटलं टोमणा मारतोय. "तुझ्या गॅरेजात ढिगारा आहे की," मी म्हणालो.

"त्यांच्यावर लोकांनी काहीबाही लिहून ठेवलंय. गिऱ्हाईक आलं तर बरं दिसत नाही. तुमच्या मावसबहिणीकडे जातोय आम्ही, इंडियानाला."

मी म्हणालो, "तू सांगितलं का नाहीस रे? त्या सभेत? माझं नाव घ्यायचं होतंस."

"तू तिथेच होतास की," हॉइट म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही. "मी वाट बघत होतो तुझी."

आत्ता जाऊन सगळ्यांना सांगतो, असं म्हणायचं होतं मला. न्हाव्याचं दुकान समोरच होतं, आत पाच-सहा जण बसलेले दिसत होते. रस्ता ओलांडायचा होता फक्त.

मी मागे गेलो आणि कोरा बोर्ड काढून आणला. लाकडी खुंटी हवी का लोखंडी, तेवढं विचारलं.

"लोखंडी," तो म्हणाला. "जमीन गोठलीय."

मी लोखंडी दिली.