त्याची बाजू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते शिवऱ्याच्या दूध केंद्रात वजनकाट्यावर बसणाऱ्या काकांचे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. केंद्रात दूध तपासायचो. काकांची शाळा चौथीत सुटलेली. कोणी बोलू लागलं की ते चष्मा कपाळावर चढवत आणि "व्हय, व्हय" म्हणत शेवटपर्यंत ऐकत.

एकदा गुंजवण्याहून येणारं दूध सलग तीन दिवस आंबूस निघालं. मी परत पाठवलं, तसा टेम्पोचा ड्रायव्हर ओरडला, "सायेब, तुमच्या पुस्तकातलं दूध येगळं असंल!" मी चिडून तक्रार लिहिली. ती वर गेली असती तर त्याचं काम सुटलं असतं.

काकांनी आम्हा दोघांना पालथ्या कॅनवर बसवलं. मला म्हणाले, "आता त्याची बाजू तू सांग."

मी पुन्हा माझीच तक्रार सांगू लागलो.

"न्हाई येत? मंग उद्या त्याच्या टेम्पोत बस."

बसलो. टेम्पो वेळेत पोचला आणि केंद्रासमोर तासभर उन्हात उभा राहिला. आत माझा सहकारी जवळच्या गावांचं दूध आधी तपासत होता. तो क्रम मीच लावून दिलेला होता. मी तक्रार फाडली आणि ड्रायव्हरची माफी मागितली.

काका गेल्या महिन्यात निवृत्त झाले. परवा त्यांना पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप काका, सा. नमस्कार. गुंजवण्याचं दूध आता सगळ्यांत आधी घेतो. चांगलं निघतं. ड्रायव्हर मला हल्ली नावानं हाक मारतो. रविवारी आम्ही दोघं भाटघरला तुमच्याकडे जेवायला येतोय. टेम्पो तोच काढणार आहे."