दिवा विझल्यावरचा उजेड

बारामतीच्या प्रयोगशाळेत माझं सगळं भांडण पाण्याशी होतं. मी बनवलेली पूड कोरडी असली की गुणाची. जांभळा दिवा तिच्यावर धरून बंद केला, की दोन-चार श्वास ती हिरवी उजळत राहायची. पाण्यात टाकली की ठार अंधार. पाण्यात विरघळलेली हवा तो उजेड गिळते. धातूबितू न घालता, नुसत्या सेंद्रिय रसायनाचा उजेड पाण्यात टिकवायचा, हा माझा पीएचडीचा विषय. सोमवारपर्यंत जमलं नाही तर विषय बंद, असं सरांनी बजावलेलं. म्हणजे मी कायमची गावी, अंथुर्ण्याला परत.

आणि शुक्रवारी पाण्यातली पूड उजळली! शेजारच्या टेबलावरची मैत्रीण माझ्याआधी किंचाळली. सुप्याची ती, हॉस्टेलवर राहायची. माझी आई रोज दोन डबे भरायची, एक माझा, एक तिचा. तिनं मला घट्ट मिठी मारली, खोलीतली ट्यूबलाईट लावली आणि म्हणाली, "आता तपासत बसू नकोस. सोमवारी थेट सरांपुढं ठेव."

मी नाचतच त्या पाण्याची बाटली घरी आणली. आईनं ती देवापाशी ठेवली. दिवेलागणीला नेमकी लाईट गेली.

"अगं, उजेड हाय की अजून!" आबा म्हणाले. त्यांचा चहा पिऊन झाला तरी बाटली हिरवीगार. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली. आबांचा आनंद पोटात मावेना, आणि मला मात्र दरदरून घाम फुटला. माझी पूड इतका वेळ टिकतच नाही. टिकते ती बाजारातली रेडियमची पूड, पोरं भिंतीला चिकटवतात त्या चांदण्यांची. सरांनी बघताक्षणी ओळखली असती, आणि मला लबाड ठरवून हाकललं असतं.

अंगणात जाऊन मैत्रिणीला फोन लावला. "तूच मिसळलीस ना?"

ती म्हणाली, "सर दोघींतली एकच ठेवणारेत. तुला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. मेलीनं तेही माझ्यापासून लपवलेलं! अंगाची लाही लाही झाली. पूड मिसळलीस ती मिसळलीस, वर मिठी कशाला मारायची गं?

बाटली मोरीत ओतली. आबा "अगं, अगं" करत राहिले. मोरीतही ती उजळतच होती.

सोमवारी रिकाम्या हातानं निघाले. आईनं नेहमीसारखे दोन डबे पुढं केले.

"एकच दे."

"का गं?" आई म्हणाली. "बरी न्हाय का ती?"