मधल्या गटातले उंदीर

पिंजऱ्याचं झाकण उघडण्याआधी मामा नखाने दोनदा टकटक करायचे. "येतंय हां रे, भिया नकात." आमच्या फार्मसी कॉलेजात प्रयोगाच्या उंदरांची देखभाल करायला ते कंत्राटावर होते. उंदरांची परवानगी घेऊन आत हात घालणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलात?

माझ्या पीएच.डी.साठी उंदरांचे तीन गट केले होते. पहिल्याला साधं पाणी, मधल्याला शिसं मिसळलेलं पाणी, तिसऱ्याला शिसं आणि वर कोकमाचा अर्क. कोकमातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं शिशापासून यकृताला वाचवतात का, एवढंच बघायचं होतं. मी हे समजावलं तेव्हा मामांनी विचारलं, "म्हंजे मदल्यांका कायच नाय?"

"नाही मामा. नाहीतर फरक कसा कळणार?"

"ता खरा गो बाय, पण तेंचो काय गुन्हो?"

मी हसले. सगळ्या कॉलेजात हे किस्से रंगवून सांगत असे.

तपासणीचे आकडे आले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मधला गट तिसऱ्याइतकाच ठणठणीत! मीच कुठेतरी घोळ घातलाय असं सरांना वाटलं. शेवटी मी मामांना विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मी देय होतंय. रोज सांजेक एकेक सोल. घरची सोलां, बरी सुकवलेली. काय वायट दिलंय नाय." मग हळूच म्हणाले, "शिसा पोटात गेला काय कशी कळ येता, ता माका म्हायत आसा."

हे शेवटचं वाक्य माझ्या कानांवर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. इतकी वर्षं एका सुकलेल्या कोकमापायी वाया गेली होती. त्याच दुपारी मी लेखी तक्रार दिली आणि आठवड्याभरात मामांना काढलं. जाताना ते नव्या माणसाला पिंजरे कसे धुवायचे ते दाखवून गेले.

मी प्रयोग पहिल्यापासून केला. या वेळी आकडे हवे तसेच आले. पदवी मिळाली, पण मन खात होतं. म्हणून एका रविवारी कुणकेश्वरला त्यांच्या घरी गेले.

मामा पडवीत खाटेवर होते. पार फिकुटलेले. उजवा हात मनगटातून लुळा लोंबत होता. कॉलेजात ते सगळं डाव्या हाताने करायचे, आम्ही त्यावरून त्यांची थट्टाही करायचो.

"हाताला काय झालं, मामा?"

"ह्यो जुनोच. मासे पकडुच्या जाळ्याक शिश्याचे गोळे लागतत मां? इतकी वर्सां घरातच चुलीर शिसा वितळवलंय." मग म्हणाले, "तुजा काम झाला ना, बाय?"

"झालं."

"आणि मदले?"

"या वेळी त्यांना कुणी काही दिलं नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. माफी मागायला गेलेली मी, चहा पिऊन परत आले.

महिन्याभरात मामा गेले. मूत्रपिंडं निकामी झाली होती.

शिशाने काय काय होतं, ते माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ओळीने लिहिलंय. पोटातली कळ, फिकुटलेलं अंग, मनगट लुळं पडणं, मूत्रपिंडं. परीक्षकांनी त्या प्रकरणाचं कौतुक केलं. ते सगळं अंगावर घेऊन एक माणूस रोज माझ्यासमोर पिंजरे धूत होता, आणि मी उंदरांचं रक्त तपासत होते.