चाकांवरच्या पांढऱ्या रेघा

गुनवोरनं एकतीस वर्षं आमच्या गावची बस चालवली. सकाळी स्कार्वनेसच्या धक्क्यावरून निघायचं, खाडीच्या काठाकाठानं हामनविकला जायचं, दुपारी परत. मी हामनविकच्या मासळी कारखान्यात हिशेबनीस असल्यामुळे त्यातली सव्वीस वर्षं मी तिच्या मागे तिसऱ्या रांगेत बसून काढली आहेत. तेव्हा तिच्याबद्दल लिहायचा थोडाफार हक्क मला आहे असं समजतो.

निघण्याआधी ती टॉर्च घेऊन बसभोवती एक फेरी मारायची. चाकाच्या प्रत्येक नटावरून थेट लोखंडी चकतीपर्यंत तिनं पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढलेली असे. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसायची. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात बसचं पुढचं चाक निखळून घाटात तिच्या पुढे पळत सुटलं होतं. बसमध्ये सहा मुलं होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. "स्वतःचं चाक स्वतःच्या पुढे धावताना पाहिलं, की माणूस एकतर देवाला धरतो, नाहीतर रंगाच्या डब्याला," ती म्हणायची. "मी डबा धरला."

२००७ साली हामनविकच्या परिषदेच्या निवडणुकीत आम्ही गावाच्या उमेदवारांची वेगळी यादी उभी केली. कारण एकच. परिषदेला आमची शाळा बंद करायची होती, आणि आम्हाला ती वाचवायची होती. यादीत पहिलं नाव दुकानदार आस्मुन्डचं, दुसरं गुनवोरचं. खाली नावं भरायचं कामही गुनवोरकडेच आलं, कारण गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या दारातून आत चढायचा. शेवटी एक नाव कमी पडलं. हामनविकच्या कॉलेजात जाणारी तुवा तेव्हा बसमध्ये चढत होती.

"तुझं घालू का?"

"माझं? मला अजून अठरा पूर्ण व्हायचीत."

"ऑगस्टमध्ये होतील. मतदान सप्टेंबरात आहे."

"भाषण करावं लागेल?"

"तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही. यादी भरायला लागतात नावं. निवडून कोण येतंय!"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. माझ्यासकट चार-पाच जण हसले होते.

आमच्याकडे मतपत्रिकेवर एखाद्या नावापुढे खूण केली, की ते नाव यादीत वर सरकतं. त्या उन्हाळ्यात आस्मुन्डनं शनिवारी दुकान बंद ठेवायला सुरुवात केली होती, त्याचा गावात राग होता. काहींना गंमत वाटली. काहींना खरंच वाटलं की एखादं तरुण माणूस असावं. मीही तुवाच्या नावापुढे खूण केली. का केली ते आजही नीट सांगता येणार नाही. मोजणी झाली तेव्हा आमच्या यादीला दोन जागा मिळाल्या होत्या आणि सगळ्यांत जास्त खुणा तुवाला होत्या. दुसरा आस्मुन्ड. गुनवोर एका पायरीनं खाली राहिली आणि पहिली बदली सदस्य झाली. म्हणजे दोघांपैकी कुणी आजारी पडलं, तर तिनं जायचं.

शाळेच्या हॉलमध्ये कॉफी आणि केक झाला. "बाईसाहेब, आता आमच्या रस्त्याचे खड्डे बघा!" "आधी तिला गृहपाठ करू दे रे!" तुवा कानापर्यंत लाल झाली होती. दुसऱ्या दिवशी ती परिषदेच्या कचेरीत गेली आणि म्हणाली, मला हे नको आहे. तिथल्या बाईंनी कायदा काढून दाखवला. निवडून आलेल्याला नाही म्हणता येत नाही, त्याला सबळ कारण लागतं. "अठरा वर्षं हे कारण नाही," त्या म्हणाल्या.

मग तुवानं शाळेच्या प्रश्नाचे कागद वाचायला घेतले. दोन जाड फायली होत्या. बसमध्ये चौथ्या रांगेत, खिडकीशी बसून ती रोज वाचायची. ऑक्टोबरात वर्तमानपत्राची बातमीदार आली. तिला बहुधा केकचा फोटो आणि दोन गोड वाक्यं हवी होती. तुवा म्हणाली, "माझ्या वर्गात दहा वर्षं आम्ही दोघंच होतो, मी आणि एक मुलगा. तो आजारी पडला की वर्ग म्हणजे मी एकटी. आता अख्ख्या शाळेत अकरा मुलं आहेत. ती शाळा आपण मुलांसाठी ठेवतोय की आपल्यासाठी, हे मला अजून कळलेलं नाही."

परिषदेत सतरा जण. आठ एका बाजूला, आठ दुसऱ्या, असं सगळ्यांना माहीत होतं. ते वाक्य छापून आलं आणि सतरावं मत कोणाचं हेही सगळ्यांना कळलं.

त्या वर्तमानपत्रात मोबाइलवरून पाठवलेले निनावी निरोप एका पानावर छापायचे. आठवडाभर ते पान तुवाचंच होतं. 'आधी दुधाचे दात पडू देत.' 'हिला खाऊ कोण देतंय?' 'आम्ही खूण केली, आम्हीच पुसू.' शेवटचा निरोप वाचून माझी बायको म्हणाली, "हे आपल्या गावातलंच कुणीतरी आहे." मी म्हटलं, "कशावरून?" ती म्हणाली, "हामनविकच्या लोकांनी कुठे खूण केली होती?"

आमच्या गावात टपालाच्या पेट्या रस्त्याच्या कडेला एकाच फळीवर ओळीनं ठोकलेल्या आहेत. एका सकाळी तुवाच्या घरच्या पेटीत कॉड माशाचं डोकं निघालं. तोंड शिवलेलं होतं, जाळं शिवायच्या दोऱ्यानं. टाके इतके एकसारखे होते की तिचा बाप स्टायनार बराच वेळ नुसता ते टाकेच बघत उभा राहिला. असे टाके घालणारे हात आमच्या गावात तीसेक असतील. त्यातले दोन त्याचे स्वतःचे.

त्यानंतर दुकानात कॉफीच्या किटलीभोवती बोलणं कमी झालं. आस्मुन्डनं एकदा गुनवोरला गाठलं. मी पावाच्या फळीपाशीच होतो.

"पोरीला सांग, शाळेवर मत घेतील त्या दिवशी ताप येऊ दे. तू ये. शाळा वाचेल आणि तीही वाचेल."

"वाचेल म्हणजे?"

"म्हणजे... लोक बोलतात ते थांबेल."

मागून कुणीतरी म्हणालं, "ती कशाला सांगेल? शाळा बंद झाली तर पोरं हिच्याच बसमध्ये! हिनंच शिकवलं असेल."

गुनवोरनं दूध घेतलं आणि निघून गेली. ती स्वतः त्याच शाळेत शिकली होती आणि शाळा राहावी असंच तिचं मत होतं, हे सांगायलाही ती थांबली नाही.

मग नोव्हेंबरात ते चाकांचं झालं. तुवाला नुकताच परवाना मिळाला होता आणि ती बापाची जुनी गाडी घेऊन कधीकधी हामनविकला जायची. एका सकाळी गाडी उतारावरून धक्क्याकडे आली. गुनवोर बसभोवती फेरी मारत होती, तिला टकटक असा आवाज आला. ती हात पसरून सरळ गाडीच्या पुढे उभी राहिली. आम्ही बसमधून पाहत होतो. तिनं डाव्या पुढच्या चाकाशी वाकून नटाला हात लावला. पाचातले तीन नट तिनं बोटांनी फिरवले. घाट तिथून दोन किलोमीटरवर आहे.

हामनविकहून पोलीस अधिकारी आला. भला माणूस. "बर्फासाठीची हिवाळी चाकं कधी बसवलीत?"

"गेल्या आठवड्यात. मी स्वतः आवळली. दोनदा," स्टायनार म्हणाला.

"थोडी गाडी चालवली की पुन्हा आवळायची असतात. दर वर्षी कुणीतरी विसरतं."

"मी विसरलो नाही."

"सगळे असंच म्हणतात," तो सौम्यपणे म्हणाला आणि वही मिटली.

त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. खरंच दर वर्षी कुणीतरी विसरतं. तेच तर भयंकर होतं. माशाचं डोकं आपोआप शिवलं जात नाही, पण नट आपोआप सैल होऊ शकतो. त्या दिवशी घरी गेल्यावर मी आधी पडवीत गेलो आणि आपला पाना जागेवर आहे का ते पाहिलं. होता. मग माझ्या लक्षात आलं की मी हे का पाहिलं ते मलाच ठाऊक नाही. नंतर कळलं, त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी आपापला पाना पाहिला होता.

गुनवोरनं त्याच दुपारी तुवाच्या गाडीच्या वीसही नटांवर पांढऱ्या रेघा ओढल्या. त्यानंतर रोज बसकडे येण्याआधी ती स्टायनारच्या अंगणात जाऊन टॉर्च मारून यायची. तिला झोप लागेनाशी झाली होती. एकदा बस उभी असताना ती मला म्हणाली, "त्या पोरीला काही झालं ना, तर ते मी केलेलं असेल. तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही, असं म्हटलं होतं मी तिला."

परिषदेची बैठक नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी अकराला होती. गरज पडली तर तयार असावं म्हणून गुनवोरनं त्या दिवशी बसवर बदली ड्रायव्हर मागवला होता. सातला ती अंगणात गेली तेव्हा तुवा लोकरी मोजे घालून पायरीवर उभी होती. त्यांचं बोलणं मला गुनवोरनं खूप वर्षांनी सांगितलं, ते तिच्याच शब्दांत देतो.

"ताप आहे म्हण. एक फोन कर. बाकी मी बघते."

"तू मत कसं देशील?"

"शाळा राहावी असं."

"म्हणजे सगळे खूश."

"आणि तू धडधाकट."

तुवा म्हणाली, "गुनवोर, परवापासून माझ्या पोटात अन्न ठरत नाही. ताप नाही, पण उलट्या खऱ्या आहेत. हे कारण चालतं का?"

चाललं असतं. गुनवोरला ते पक्कं माहीत होतं, बदली सदस्यांची पुस्तिका तिनं दोनदा वाचली होती. एक 'हो' म्हटलं असतं तर शाळा राहिली असती, पोरगी घरी पांघरुणात असती, आणि रात्री गुनवोरला झोप लागली असती. पण उलट्या होत असूनही पोरीनं चांगला शर्ट इस्त्री करून अंगात घातला होता, आणि गुनवोरची नजर त्या शर्टावर गेली.

"नाही चालत," ती म्हणाली. "एक रिकामा डबा घे सोबत. आणि बूट घाल."

त्या सकाळच्या बसला आम्ही गावातले अकरा-बारा जण होतो. सगळे परिषदेच्या गॅलरीत बसून बैठक बघायला निघालेले, आणि प्रत्येक जण नेहमीप्रमाणे एका बाकावर एकटा. आमच्याकडे बस अर्धी रिकामी असताना कुणी कुणाच्या शेजारी बसत नाही. नवरा-बायकोसुद्धा पुढे-मागे बसतात आणि घरी जाऊन भांडतात. तुवा चढली आणि चौथ्या रांगेत खिडकीशी बसली, मांडीवर आइस्क्रीमचा रिकामा डबा. आस्मुन्ड पुढून वळून गुनवोरकडे बघत होता. सांगितलंस की नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

गुनवोर शेवटी चढली. वीसएक जागा रिकाम्या होत्या. ती सरळ चौथ्या रांगेपर्यंत आली आणि तुवाच्या शेजारी बसली.

बदली ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. घाटात उतार लागला तेव्हा मी पाहिलं, गुनवोरनं पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

तुवानं शाळा बंद करण्याच्या बाजूनं हात वर केला. मोजणी होईपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही. नऊ विरुद्ध आठ. गॅलरीत आमच्यापैकी कुणीतरी "शाबास!" म्हणालं. ते कशा अर्थानं होतं ते सगळ्यांना कळलं. परतीच्या बसमध्ये गुनवोर पुन्हा तिच्याच शेजारी बसली.

तुवा चार वर्षं सदस्य राहिली. शाळेतली अकरा मुलं बसनं हामनविकला जाऊ लागली आणि काही आया दोन वर्षं तुवाशी बोलल्या नाहीत. दुकानात ती आली की किटलीभोवतीचे लोक घड्याळ बघायचे. त्यापुढे काही घडलं नाही, किंवा घडलं नाही असं आम्ही म्हणतो. गुनवोर मात्र चारही वर्षं रोज सकाळी त्या अंगणात जात राहिली. मुदत संपल्यावर तुवा शिकायला बेर्गेनला निघाली, तेव्हा गुनवोरनं ताज्या रेघा ओढल्या आणि उरलेला रंगाचा डबा तिच्या गाडीत ठेवला.

गुनवोर निवृत्त झाली तेव्हा आम्ही दोघं तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो. पायरीवरचं ते बोलणं तिनं मला तेव्हाच सांगितलं. मग म्हणाली, "तुवाच्या गाडीची एकदा रेघ तुटली होती. दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत. मागचं डावं चाक, एकच नट. मी आवळला, नवी रेघ ओढली. कुणाला बोलले नाही."

"थंडीनं झालं असेल," मी म्हटलं. "त्या फेब्रुवारीत कडाका होता."

"असेल."

ती कॉफी पीत राहिली. तिची नजर माझ्या हातांवर होती. मी काही केलं नव्हतं. तरी मी हात टेबलाखाली घेतले.