इंगळेकाकांचं लॉगिन

एंटर दाबण्याआधी इंगळेकाका दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवत. पडद्यावर लिहिलेली आज्ञा ओठ हलवत एकदा वाचत, मगच एक बोट पुढे येई. मी नोकरीत नवी होते, घाईची होते. न राहवून एकदा विचारलं, तर म्हणाले, "मानूस उलटून विचारते, खरंच करू का म्हणून. हे नाई विचारत. सांगतलं का करून मोकळं."

आमच्या शिक्षणसंस्थेची कॉलेजं अमरावतीत आणि अकोल्यात. प्रवेश, हजेरी, निकाल सगळं ज्या सर्व्हरवर, तो अकोल्याला. तो सांभाळणारे काका राहायचे बडनेऱ्याला. सकाळच्या गाडीनं अकोला, संध्याकाळी परत, असं एकोणीस वर्षं. अकोल्यातला पहिला महिना सोडला तर मी अमरावतीच्या ऑफिसात बसे. काम मात्र त्यांच्याकडूनच शिकले, बरंचसं फोनवर. चूक झाली तरी ते ओरडत नसत. "तुह्या हातानं मोडलं ना? मंग तुह्याच हातानं जोड. मी हावो इथं," म्हणत आणि फोन कानाला लावून बसून राहत.

मग काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. मुलगी लांब सासरी, घरात तिसरं कुणी नाही. होती नव्हती ती रजा संपली, तेव्हा काकांनी मला फोन केला. "घरूनच त्या मशीनपर्यंत जाता येईन असं काही कर ना वं पोरी. माह्याजवळ जुना लॅपटॉप हाय. ब्राउझर तेवढा चालते त्यावर."

मी आठवडाभर खपले. सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवला. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून नाव आणि पासवर्ड दिला की सर्व्हरचा तोच आज्ञा लिहायचा काळा पडदा समोर उघडायचा. काकांनी एकेक बंदोबस्त माझ्याकडून करून घेतला. वाटेत कुणाला काही वाचता येऊ नये, पासवर्डनंतर मोबाइलवर आलेला आकडाही मागावा, दहा मिनिटं हात लागला नाही तर आपोआप बंद व्हावं. "दार केलं त चोर बी त्याच दारानं येईन," ते म्हणाले. बडनेऱ्यात बसून पहिल्यांदा आत शिरले, तेव्हा फोनवर मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. काकूंना सांगत होते, "हे पाय, अकोला घरात आलं."

चार महिने काही अडलं नाही. तेच नडलं. संस्थेच्या सचिवांनी विचारलं, घरून होतं तर अकोल्याला माणूस कशाला? आणि ब्राउझरमधूनच होतं तर पुण्याची कंपनी का नको? कंपनीच्या लोकांसमोर मलाच ते चालवून दाखवायला लावलं. मी दाखवलं. चांगलं दाखवलं. कौतुक झालं, ते मला आवडलंही.

एका सोमवारी निरोप आला: इंगळ्यांचं लॉगिन बंद करा, पत्र आम्ही पाठवतो. मी बंद केलं. अर्ध्या तासात काकांचा फोन.

"काहून वं पोरी, माह्यं नाव घेऊन नाई राहिलं हे. पासवर्ड त बराबर हाय."

त्या क्षणी सांगता आलं असतं. मी म्हणाले, "तपासते, काका."

नोकरी संपल्याचं पत्र त्यांना शुक्रवारी मिळालं. त्यानंतर पंधरा दिवसांनी धीर करून मी बडनेऱ्याला गेले. काकांनी आत घेतलं, स्वतः चहा केला. मी सुरुवात केली, "काका, वरून आदेश होता..."

"असन ना. नोकरी हाय तुही." ते काकूंच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत होते. "पन तू तपासते म्हनाली. मी चार दिवस त्या पडद्यासमोर बसून होतो. हिले जेवू घालाचं, अन् पुन्हा पासवर्ड टाकून पाहाचा. मले वाटे, पोरगी लागली असन कामाले."

काकू छताकडे बघत होत्या. चहा कसाबसा संपवून मी उठले. काका दारापर्यंत आले. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला 'येजो', म्हणजे पुन्हा ये, असं म्हटल्याशिवाय कुणी दार लावत नाही. काकांनी लावलं.